बॉनेट अडकलंय, लिव्हर ओढूनही उघडत नाही

जुळे सोलापूर
वडिलांची जुनी पेट्रोल गाडी आहे. रविवारी आईला अक्कलकोटला न्यायचंय, म्हणून ऑइल-कूलंट बघायला गेले तर बॉनेट उघडेना. स्टिअरिंगखालचा लिव्हर ओढला की पूर्वी पुढं 'टक्' वाजायचं आणि बॉनेट बोटभर वर यायचं. आता आवाजच नाही. लिव्हरला ताण मात्र लागतोय. घरासमोर ड्रेनेजचं खोदकाम चालू होतं, ती सगळी माती गाडीवर बसलीय. शेजारचे काका म्हणतात, पुढून मोठा स्क्रूड्रायव्हर घालून उचका. उचकू का?

सात रस्ता
अजिबात नको. पत्रा वाकेल, रंग जाईल आणि लॉक आहे तसंच राहील.

अक्कलकोट रोड
ताई, माझं गॅरेज आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ताण लागतोय म्हणजे केबल बहुतेक शाबूत आहे. तुटली असती तर लिव्हर नुसता लोंबकळला असता. तुमचं लॉक जाम झालंय. ते जाळीच्या अगदी मागं, रेडिएटरच्या वर बसतं, त्यामुळं रस्त्यावरची धूळ आधी त्यालाच लागते. जुन्या ग्रीसमध्ये माती कालवली जाते, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती वाळून घट्ट होते आणि स्प्रिंगला कडी मागं ओढता येत नाही.

इंजिन गार असू द्या, चावी काढून घ्या. काही गाड्यांत बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा फिरतो, जाळीत हात घालायच्या आधी हे लक्षात ठेवा. मग एकाला आत बसवून लिव्हर ओढून धरायला सांगा. झटके द्यायचे नाहीत, धरूनच ठेवायचा. तुम्ही पुढं मधोमध, बरोबर लॉकच्या वर, दोन्ही तळवे ठेवून अंगाचा भार टाका आणि पटकन सोडा. दाबल्यावर कडीवरचा भार कमी होतो आणि ती सुटते. बुक्की मारू नका, पत्र्याला खड्डा पडतो.

नाहीच सुटलं तर बॅटरीच्या उजेडात जाळीतून बघून, नळी लावून डब्ल्यूडी-४० (जाम झालेलं सोडवायचा स्प्रे) लॉकवर मारा, अर्धा तास थांबा, परत करा.

आणि उघडल्यावर लगेच बंद करू नका! नाहीतर परत तिथंच याल. उघड्या बॉनेटमध्येच स्क्रूड्रायव्हरनं लॉकची कडी खाली दाबून अडकवा, लिव्हर ओढा, सुटते का बघा. दोन-चार वेळा नीट सुटली तरच बॉनेट लावा.

जुळे सोलापूर
दादा, उघडलं! भाऊ आत बसला, मी दाबलं. स्प्रे मारल्यावर सुटलं. लॉकवर नुसता काळा चिखल आहे. पण बोटानं सरकवायची ती दुसरी कडी सोडल्यावर हळूहळू मागं येतेय. आणि आत लिव्हरजवळ केबलचा एक धागा सुटलेला दिसतोय.

अक्कलकोट रोड
ती दुसरी कडी महत्त्वाची. पहिलं लॉक चालताना सुटलं तर तिच्यावरच बॉनेट थांबतं. ती नाही धरली तर वाऱ्यानं बॉनेट उलटून काचेवर येतं, समोरचं काही दिसत नाही. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन पिनेपाशी घासा, पुसून वाळवा, मग पांढरं ग्रीस लावा. नुसत्या डब्ल्यूडी-४० वर भागत नाही, ते उडून जातं. सोडताक्षणी कडी खट्कन मागं आली पाहिजे. तशी येत नसेल तर गाडी हायवेला काढू नका.

धागा सुटलाय तर केबल रविवारच्या आधी बदला. मॉडेल आणि साल सांगून घ्या. जुनी काढताना तिच्या टोकाला मजबूत दोरी बांधून ओढा, म्हणजे नवी त्याच वाटेनं जाते, शोधत बसावं लागत नाही. तोवर गाडी बाहेर काढायचीच असेल तर लॉकच्या लिव्हरला पातळ तार बांधून, पंख्यापासून लांब, जाळीमागून खाली सोडा. केबल तुटली तरी खालून ओढता येईल. नवी बसली की ती तार काढून टाका, नाहीतर बॅटरी चोरणाऱ्याला आयतीच सोय.