सिंगापूरच्या चायनाटाऊनमध्ये तुम्हाला काय सापडलं?

गेल्या महिन्यात आईबाबांना घेऊन गेले होते. एमआरटी मेट्रोच्या ए एक्झिटने वर आलं की समोरच पॅगोडा स्ट्रीट, लाल कंदील, फ्रिज मॅग्नेट, स्वस्तातले टीशर्ट, आई म्हणाली ही तर तुळशीबागच की. बाबा मोबाईल काढून पॅगोडा कुठे दिसतोय बघत चाललेले आणि गल्लीच्या टोकाला निघालं काय तर गोपुर! श्री मरियम्मन देऊळ, १८२७ चं. त्या गोपुरालाच पॅगोडा समजून गल्लीला नाव पडलं म्हणे. म्हणजे चायनाटाऊनच्या मेन गल्लीचं नाव आपल्या देवळावरून. चिनी लोक या भागाला न्यू चे शुई म्हणतात, बैलगाडीचं पाणी, कारण पूर्वी ॲन सियांग टेकडीच्या विहिरींचं पाणी बैलगाडीतून यायचं. बाबांना देवळापेक्षा बैलगाडीचंच जास्त कौतुक, हॉटेलवर येईपर्यंत तेच चाललं होतं.

तुम्ही गेला असाल तर सांगा ना, पण फोटो पॉइंट नकोत, अचानक सापडलेलं काहीतरी.

*

माझं ऑफिस तेलोक आयर स्ट्रीटजवळ होतं. आता तिथे चहूबाजूंनी काचेचे टॉवर आहेत पण एकेकाळी समुद्र थेट या रस्त्यापर्यंत होता, पुढे भर घातली. थिआन हॉक केंग देऊळ त्यामुळेच तिथे. चीनहून जहाजाने आलेला माणूस धड पोचलो बाई म्हणून आधी समुद्राच्या माझू देवीला उदबत्ती लावणार आणि मग काम शोधायला जाणार. आपल्या कोळ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. लंच टाईमला मी तिथल्या पायरीवर बसायचो, आत उदबत्त्यांचा धूर आणि बाहेर लॅपटॉप बॅगांची गर्दी. १८३९ ते ४२ मध्ये बांधलंय, लाकूडकामात खिळा नाही म्हणतात, मी पुष्कळ शोधला, नाही सापडला.

*

आमची फजितीच आहे. मॅक्सवेल फूड सेंटरला भर दुपारी गेलो, बसायला जागा नाही, एका टेबलावर फक्त टिश्यूचं पाकीट पडलेलं. कोणीतरी विसरलं वाटतं म्हणून बसलो, वर त्यातलाच एक टिश्यू काढून टेबल पुसलं. दोन मिनिटांत एक आजी ट्रे घेऊन हजर. तिथे टिश्यू ठेवला की जागा धरली, आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं. सॉरी सॉरी करत उठलो तर त्यांनीच सरकून जागा दिली. व्हेज म्हणून घेतलेल्या नूडल्समध्ये सुकट निघाली ते वेगळंच, नवऱ्याने गपचूप खाल्ली, घरी सांगितलेलं नाही अजून.

*

टिश्यूवरून आठवलं, तिथे कागदाचं काय काय मिळतं! आम्ही गेलो तेव्हा चिनी कॅलेंडरचा सातवा महिना होता, म्हणजे त्यांचा पितृपक्षच म्हणा. एका दुकानात सेलोफेनमध्ये पॅक केलेला शर्ट, घड्याळ, मोबाईल, सगळं कागदाचं. पितरांसाठी जाळायचं. मोबाईलबरोबर कागदाचा चार्जरसुद्धा होता, मला हसू आलं आणि मग माझे आजोबा आठवले, त्यांच्या पानाशेजारी आम्ही तपकिरीची डबी ठेवतो.

जवळच सागो लेन आहे. मरायला टेकलेल्या गरीब मजुरांना शेवटचे दिवस काढायला तिथे घरं होती. वरच्या मजल्यावर अंथरूण, खाली अंत्यविधीची सोय. मरण घरात नको, अशुभ, आणि या लोकांना घर म्हणजे तरी काय, एका खोलीत लाकडी पार्टिशन टाकून केलेले खुराडे. १९६१ ला ती घरं बंद झाली. पॅगोडा स्ट्रीटच्या हेरिटेज सेंटरमध्ये तसले खुराडे मांडून ठेवलेत. माझे वडील गिरगावातल्या चाळीत वाढलेले, ते आत वाकून बघून आले आणि म्हणाले, आमची दहा बाय बारा म्हणजे बंगलाच होता रे.

*

कोपीबद्दल, म्हणजे तिथल्या कॉफीबद्दल, कोणीच कसं लिहिलं नाही? नुसतं कोपी म्हणालात की कंडेन्स्ड मिल्कवाली गोडमिट्ट येते. काळी गोड म्हणजे कोपी ओ, बिनसाखरेची हवी तर कोपी ओ कोसोंग. डायबेटिसवाल्यांनी पाठ करून जा.

*

माझं छोटंसंच. ड्युरियन घेतला, ते उग्र वासाचं काटेरी फळ, म्हटलं हॉटेलवर जाऊन निवांत खाऊ. स्टेशनच्या दारात त्याचंच चित्र आणि त्यावर काट. मग तिथेच फुटपाथवर उभं राहून अख्खा डबा संपवला. बायको दहा फूट लांब, ओळख न दाखवता उभी होती.