काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग: पहिल्या सामन्यासाठी काडतुसं कोणती घेऊ?

वाळवंटातली_चिमणी
मंडळी, सल्ला हवाय. काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग म्हणजे जुन्या काउबॉय काळातल्या धाटणीच्या बंदुकांनी खेळायची नेमबाजी. तिचे सामने फिनिक्सजवळच्या बेन एव्हरी रेंजवर दोनदा बघून आले आणि वेडच लागलं. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हातात आलं, तेव्हापासून एकेक वस्तू जमवतेय. रुगर व्हॅकेरो रिव्हॉल्व्हरची जोडी आणि उबर्टीची १८७३ लिव्हर रायफल (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची), सगळं .३५७ मापाचं. आता काडतुसांपाशी गाडी अडलीय. दुकानदार म्हणाला, .३५७ मॅग्नमच घ्या. रेंजवरचे एक आजोबा .४५ कोल्टशिवाय दुसरं नावच काढत नाहीत. पुढच्या महिन्यात पहिला सामना आहे. काय घेऊ?

दुनळी_बार
ताई, आधी अभिनंदन! दुकानातल्या नेहमीच्या मॅग्नम खोक्याला हातही लावू नका, सामन्यात ती काडतुसं बाद होतील. सॅसच्या (या खेळाची संघटना, सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी) नियमाने रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १००० फुटांवर जाता कामा नये, रायफलचा १४०० वर. शिवाय गोळी नुसत्या शिशाची हवी. तांब्याचं कवच नको, मुलामाही नको. समोर पोलादी पाट्या असतात, रिव्हॉल्व्हरसाठी तर सात-दहा यार्डांवरच. मऊ शिसं पाटीवर आपटून भुगा होतं, तांब्याचे तुकडे मात्र उलटे अंगावर येतात. शिशाचेही कण उडतातच, म्हणून बघ्यांनासुद्धा चष्मा सक्तीचा.

तुम्ही .३८ स्पेशल घ्या, १२५ ग्रेन (हे गोळीचं वजन), चपट्या नाकाची. .३५७ च्या बंदुकीत .३८ बिनधास्त चालतं, उलटं कधीच करायचं नाही. चपट्या नाकाचा हट्ट अशासाठी की लिव्हर रायफलच्या नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक बसतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीला टेकलेलं असतं. तिथे टोकदार गोळी म्हणजे धक्क्यासरशी नळकांड्यातच बार.

हलकं म्हणजे किती हलकं, हा पुढचा प्रश्न येईलच. ग्रेनला वेगाने गुणून १००० ने भागायचं, उत्तर ६० च्या खाली नको. १०५ ग्रेनची गोळी ६०० फुटांनी गेली तरी ६३ होतात, म्हणजे नियमात बसते. पण नवख्याने इतक्या काठावर जाऊ नये. मी घरी काडतुसं भरायला लागलो त्या वर्षी एका पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) दारू पडलीच नव्हती. भर फेरीत नेहमीच्या बाराऐवजी नुसतं ‘फट्’ झालं. नशिबाने टायमर धरणारा गृहस्थ जागचा ओरडला. नळीत गज घालून पाहिलं तर गोळी मध्येच अडकलेली. पुढचा चाप ओढला असता तर नळी फुटली असती. आवाज वेगळा आला की थांबायचं, घड्याळ गेलं खड्ड्यात.

सांताफेची_सून
दादांचं सगळं बरोबर, पण रायफलचं राहिलं. १८७३ मध्ये काडतूस पितळी ठोकळ्यात येऊन बसतं आणि तो ठोकळा लिफ्टसारखा सरळ वर जातो. काडतूस आखूड असेल तर नळकांड्यातल्या पुढच्या काडतुसाचं बूड ठोकळ्यात घुसतं आणि लिव्हर अर्ध्यावर घट्ट बसते. माझ्या रायफलला १०५ ग्रेनची आखूड .३८ अज्जिबात सोसली नाहीत, १२५ ची लांब काडतुसं लोण्यासारखी चालली. म्हणून हजाराची पेटी मागवण्याआधी पन्नासचं एकच खोकं आणा आणि रेंजवर दहा-दहा भरून बघा. रिव्हॉल्व्हर काहीही गिळतो, रायफल नखरे करते. खरेदी रायफलला विचारून करायची.

आणि जेवणाआधी हात साबणाने खसखसून धुवा. घरात लहान मूल असेल तर कपडेही बदला. शिसं पोटात जाता कामा नये.

काळी_दारू
आजोबांच्या .४५ ला मीच उत्तर देतो! .४५ कोल्ट १८७३ चं, पण त्या काळात विंचेस्टरने त्यात लिव्हर रायफल काढलीच नव्हती. रिव्हॉल्व्हर आणि रायफल एकाच काडतुसावर, अशी जोडी जमायची ती .४४-४० ची. तिच्या पुंगळीचा गळा पातळ, बार होताच फुगून खणाला चिकटतो, काजळी मागे येत नाही. .४५ मध्ये हलका बार भरला की तोंडावर धूर येतो. शिवाय मोठ्या पुंगळीत दारू चुकून दुप्पट पडली तरी दिसून येत नाही. जुन्या पद्धतीच्या, खूप धूर करणाऱ्या काळ्या दारूचा गट सामन्यात वेगळा असतो. पाच बार झाले की पाटी धुरात दिसेनाशी होते आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच्या गल्लीचा वास येतो. एकदा तरी अनुभवाच. पण पहिलं वर्ष .३८ वरच काढा.

दुनळी_बार
एक अगदी महत्त्वाचं. रेंजची बॅग भारतात जाताना वापरायची नाही, म्हणजे नाहीच. परवान्याशिवाय एक काडतूस सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याचं लचांड मागे लागतं. विमानतळावर तुमचं ‘विसरले हो’ कोण ऐकणार? रिकामी पुंगळीसुद्धा नको.

वाळवंटातली_चिमणी
सगळ्यांचे मनापासून आभार. बॅग आजच वेगळी काढली, वर लाल दोरा बांधला. १२५ ग्रेनचं एक खोकं आणलंय. शनिवारी सकाळी रायफलला विचारते आणि इथे कळवते.