केअर प्लॅन मॅडमनी परत दिला. असेसमेंट नक्की कुठून सुरू करायचं?

जीएनएम दुसरं वर्ष

नमस्कार. जीएनएम या नर्सिंग कोर्सची मेडिकल वॉर्डला पोस्टिंग चालू आहे. केस स्टडीसाठी एक आजोबा मिळालेत. वय ६८, शेतकरी, उजव्या बाजूचं वारं गेलंय, आज तिसरा दिवस. शुद्धीवर आहेत, पण बोलता येत नाही, काहीही विचारलं तरी "हां हां" एवढंच. फॉलीज (लघवीची नळी) आहे. बीपी १६०/९०, पल्स ८४, श्वास २०, ताप नाही. ब्रेडन (बेडसोअरचा धोका मोजायचा स्कोअर) १३ आला, म्हणून बेडसोअरचा धोका कमी असं लिहिलं. आजी दोन्ही वेळा वरण-भात भरवतात, मधूनमधून ठसका लागतो.

केअर प्लॅनमध्ये मी चार नर्सिंग डायग्नोसिस, म्हणजे पेशंटच्या अडचणी, लिहिले: हालचालीला मर्यादा, स्वतःची कामं न जमणं, आजाराबद्दल माहितीचा अभाव, बेडसोअरचा धोका. पुस्तकात जसे आहेत तसेच. मॅडमनी पहिलं पान वाचून वही परत दिली. म्हणाल्या, "हा पेशंट मला कुठल्याही वॉर्डात सापडेल. तुझा पेशंट कुठाय यात?"

सोमवारी सबमिशन आहे. काय चुकलं ते तरी कळू दे.

इंटर्नशिपवाली

क्रम चुकलाय गं. जीवाला धोका असलेलं आधी घ्यायचं: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. माहितीचा अभाव शेवटी. मलाही पहिल्यांदा परतच मिळाला होता.

मेडिकल वॉर्डची सिस्टर

बाळा, मी २६ वर्षं नोकरीत आहे, त्यातली १४ मेडिकलला. तुझी पोस्ट वाचताना एका शब्दाशी थांबले. ठसका. तो तू सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलास. तुझ्या प्लॅनची पहिली ओळ तिथेच आहे.

आधी एक काम कर. ड्युटीवर ज्या सिस्टर असतील त्यांना आत्ताच फोन करून हे सांग. सोमवारपर्यंत थांबू नकोस. वारं गेलं की गिळण्याची ताकदही पुष्कळदा जाते. मग घास श्वासनलिकेत उतरतो आणि दोन-तीन दिवसांत ताप येऊन छाती भरते. गिळणं तपासून होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारायचं.

आता असेसमेंट. केस पेपर मिटून ठेव आणि पलंगाच्या पायथ्याशी मिनिटभर नुसती उभी राहा. आजोबा उशीवरून खाली घसरलेत का? उजवा हात अंगाखाली अडकलाय का? लाळ कुठल्या बाजूने गळतेय? मग जवळ जा. टॉर्च घे आणि उजव्या गालाच्या आत बघ. त्या बाजूला जाणीव नसेल तर भात तिथे साठून राहतो आणि त्यांना कळतही नाही. आवाज ऐक. खाल्ल्यानंतर घशात पाणी खुळखुळल्यासारखा ओला आवाज येत असेल तर ते लिहून ठेव. ठसका लागला नाही म्हणजे घास नीट गेला असं धरू नकोस, काहींना छातीत जाऊनही ठसका लागत नाही.

त्यांच्या "हां हां"वर विसंबू नकोस. उजवी बाजू गेली म्हणजे मेंदूच्या डाव्या भागाला मार लागलाय, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. "दुखतंय का?" ला हां म्हणतील आणि "दुखत नाही ना?" लाही हां म्हणतील. कूस बदलताना कपाळावर आठी येते का, डावा हात कुठे जातो, ते बघ.

श्वास २० लिहिलास. खरा मोजलास का? रागावून नाही विचारत. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, नाइटला, ४० पेशंट होते, तेव्हा मी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना २० लिहून टाकले होते. त्यातल्या एका बाईंचा श्वास पहाटे मोजला तर ३४ भरला. रात्री दहाला किती होता हे मला कधीच कळणार नाही, कारण मी मोजलाच नव्हता. त्या आयसीयूत गेल्या आणि वाचल्या. त्यानंतर मी एकही श्वास न मोजता लिहिलेला नाही. नाडीवरचं बोट तसंच ठेवायचं, नजर छातीकडे न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. श्वास मोजतोय हे पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो बदलतो.

ब्रेडन तू उलटा वाचलास. ६ ते २३ मध्ये जितका कमी, तितका धोका जास्त. १८ किंवा त्याखाली आला की धोका आहेच, तुझा तर १३. पण नुसत्या १३ वरून काय करायचं ते कळत नाही. सहा रकान्यांपैकी गुण कुठे गेले ते बघ. संवेदना आणि हालचालीत गेले असतील तर दर दोन तासांनी कूस बदलणं आलं. घर्षणात गेले असतील तर ओढून वर सरकवायचं नाही, ड्रॉ शीट (अंगाखालची आडवी चादर) घालून दोघांनी उचलायचं. वॉर्डातल्या मामांना (वॉर्डबॉयना) हाक मार, एकटीने करू नकोस, आणि उजव्या हाताला धरून तर कधीच ओढू नकोस, खांदा निखळतो.

त्वचा बघताना लाली शोधत बसू नकोस, सावळ्या अंगावर ती चटकन दिसत नाही. माकडहाड, खुबे, टाचा हाताने चाचप. आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतंय का बघ.

आता खरी अडचण. ठसक्यासाठी आजोबांना ताठ बसवायला हवं. ताठ बसवलं की ते खाली घसरतात आणि माकडहाडाची कातडी घासते. पुस्तकात हे दोन डायग्नोसिस दोन वेगळ्या पानांवर आहेत, पेशंटच्या अंगावर एकत्र. तेव्हा प्लॅनमध्ये वेळ लिही: तोंडाने सुरू झालं की खाताना ताठ, नंतर अर्धा तास तसंच, मग पलंगाचं डोकं ३० अंशांवर आणून कूस बदलायची. मॅडमना जो पेशंट दिसत नव्हता, तो या ओळीत दिसेल.

आणि माहितीचा अभाव कुणाला आहे? आजोबांना नाही, आजींना. त्या दोन्ही वेळा भरवतात, त्यांना प्लॅनमध्ये घे.

इथे यूकेत स्टाफ नर्स

सिस्टरांच्या श्वासाच्या मुद्द्याला जोडून. इथे प्रत्येक ऑब्झर्वेशनला न्यूज-२ (पेशंट बिघडतोय का ते सांगणारा) स्कोअर काढतात. श्वास २५ किंवा त्यावर गेला की त्या एकट्याचेच ३ गुण आणि पेशंट तातडीने बघायलाच लागतो. खोटा २० लिहिला तर सगळा स्कोअर खोटा.

ब्रेडन उलटा वाचला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. इथे माझ्या वॉर्डात वॉटरलो वापरतात, त्यात गुण जास्त तर धोका जास्त. आल्यावर पहिला महिनाभर मी प्रत्येक वेळी थांबून दिशा तपासायचे.

जीएनएम दुसरं वर्ष

काल रात्रीच फोन केला. सिस्टरनी लगेच तोंडाने बंद केलं. सकाळी टॉर्चने बघितलं तर उजव्या गालात भाताचा गोळा होता, कालच्या जेवणाचा. मी स्पंजने काढला, हात थरथरत होता माझा. श्वास पूर्ण मिनिट मोजला, २४ भरला. लगेच सिस्टरना सांगितलं. डॉक्टरांनी छातीचा एक्सरे काढायला सांगितला आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकली.

पहिली ओळ आता अशी लिहिली: "घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका, उजव्या बाजूच्या अशक्तपणामुळे गिळता न आल्याने, भरवताना ठसका, उजव्या गालात अन्न साठणे." आणि ध्येय: "पोस्टिंग संपेपर्यंत छाती स्वच्छ राहील."

आजी मात्र रडतायत. म्हणतात, "चार घास जात होते तेही बंद केले तुम्ही. उपाशी ठेवता का त्यांना?"

मेडिकल वॉर्डची सिस्टर

शाब्बास. ओळीत एकच बदल. ठसका आणि भात तू डोळ्यांनी बघितलास, म्हणजे धोका म्हणून लिहायची गरज नाही, "गिळण्यात अडथळा" असंच लिही. श्वासनलिकेत जाण्याचा धोका त्याच्या खाली येईल. "छाती स्वच्छ राहील" हे मोजता येत नाही. श्वास २० च्या आत, ताप नाही, ठसका नाही, असं लिही आणि दर शिफ्टला बघ.

ट्यूब आली म्हणजे धोका संपला नाही. प्रत्येक फीडच्या आधी ट्यूब जागेवर आहे का बघायचं, डोकं वर, फीडनंतरही अर्धा तास वर. तोंडाने जात नसलं तरी तोंड रोज स्वच्छ करायचं.

आजींना पुढच्या फीडच्या वेळी शेजारी बसव. किती मिली जातंय ते त्यांना भांड्यातच दाखव. मग तोंड पुसायचं काम त्यांच्या हातात दे, ओला कापूस कसा फिरवायचा तेवढं शिकव. आणि त्या स्वतः जेवल्या का, ते विचार.