मदत हवी आहे: डाएटिशियन, न्यूट्रिशनिस्ट की कोच? अण्णांना नेमकं कुणाकडे न्यावं?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज स्वतःचंच गाऱ्हाणं घेऊन आलेय.

अण्णा (माझे वडील) 71 वर्षांचे, मधुमेह 16 वर्षांपासून. दिवाळीनंतर क्रिएटिनिन (रक्तातला, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) वाढून 1.9 निघालं. किडनीच्या डॉक्टरांनी मीठ कमी करा, प्रथिनं मोजून द्या, डाएटिशियनला भेटा, एवढं सांगितलं. भावाच्या ओळखीतल्या एका ऑनलाइन 'न्यूट्रिशन कोच'चे तीन महिन्यांचे पैसे मी लगेच भरून मोकळी झाले. सकाळी नारळपाणी, संध्याकाळी टोमॅटोचं सूप, आणि बीपी आहे म्हणून घरात लो-सोडियम मीठ आलं. तिसऱ्या आठवड्यात रक्तातलं पोटॅशियम वाढून 5.8! डॉक्टरांनी मिठाचं पाकीट आणायला लावलं आणि त्यावरच्या 'पोटॅशियम क्लोराइड'वर बोट ठेवलं. नारळपाण्यात, टोमॅटोतही पोटॅशियम भरपूर. धडधाकट माणसाला ज्याचं काही वाटणार नाही, ते किडनी दमलेल्या माणसाच्या हृदयावर बेतू शकतं म्हणे. चूक कोचची की चौकशी न करता पैसे भरणाऱ्या माझी, हा वाद घरात अजून चालू आहे.

मग जरा शोधाशोध केली. न्यूट्रिशनिस्ट म्हणवून घ्यायला आपल्याकडे आठवड्याभराचा कोर्सही पुरतो. नावापुढे 'आर.डी.' (रजिस्टर्ड डाएटिशियन) असेल तर मात्र त्या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा झालेली असते. 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यातही आहारतज्ज्ञ आले आहेत.

आता गोंधळ असा. इथल्या (आम्ही सांगलीचे) रुग्णालयातल्या डाएटिशियन एम.एस्सी. झालेल्या आहेत, रिपोर्ट नीट वाचतात. पण हातात छापील कागद दिला, त्यावर ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्ह ऑइल. अण्णा जन्मभर ज्वारीची भाकरी खाणारे! पुण्याच्या एक आर.डी. बाई व्हिडिओवर सल्ला देतात, फी तिप्पट. आणि अण्णांचा खरा विश्वास त्यांच्या जुन्या वैद्यांवर. वैद्यांचं पथ्य मी मोडीत काढत नाही, पण पोटॅशियमचा आकडा ते बघत नाहीत.

किडनीच्या रुग्णांसाठी कुणी आर.डी.कडे गेलंय का? ती व्यक्ती रोज किडनीचे रुग्ण बघते की मुख्यतः वजन कमी करून देते, हे पहिल्या फोनवर कसं विचारावं? पोटॅशियम कमी करायला भाज्या चिरून पाण्यात ठेवायच्या, उकळून ते पाणी ओतून द्यायचं, असं ऐकलंय. हे आपल्या पालेभाज्या-आमटीला बसवून देणारं कुणी मिरज-कोल्हापूरकडे माहीत आहे का? नावं व्यनितून (खाजगी निरोपातून) कळवा.

ता.क. शेंगदाण्याची चटणी बंद करणाऱ्याचं तोंड बघणार नाही, असं अण्णांनी जाहीर केलंय. तेव्हा जरा सोशिक माणूस सुचवा.