इतक्या भांडणांतून ही लोकशाही चालते तरी कशी?

अंबाजोगाईकर (प्रश्न)

मी अंबाजोगाई तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात तास संपल्यावर बारावीच्या एका विद्यार्थ्याने मला थांबवून विचारले, "सर, 2024 च्या लोकसभा निवडणुकीपासून आमच्या गावात एका समाजाचे लोक दुसऱ्या समाजाच्या दुकानातून मिठाचा पुडासुद्धा घेत नाहीत, मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे वाटली जातात, आणि जिल्हा परिषदेवर तर तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेला एकही सदस्य नव्हता, नुसता प्रशासक होता. मग तुम्ही शिकवता ती लोकशाही चालते कशी?" मी त्याला अधिकारांची विभागणी, स्वतंत्र न्यायव्यवस्था आणि निवडणूक आयोग यांविषयी सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. मुलाचा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर देताना आपण कोणता आधार घ्याल?

उदगीरचे निवृत्त मुख्याध्यापक

सर, घटनेच्या कलमांआधी त्या मुलाला आपल्याच भागाचा इतिहास सांगावा, असे मला वाटते. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्याआधी रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचा, जुलूम होता आणि त्यानंतर अनेक ठिकाणी मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेले जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, नांदेड आणि बीदर होते, आणि आमचे उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे येऊ दिला गेला नाही, याचे मला आजही वाईट वाटते, कारण जखम झाकून ठेवली म्हणजे ती भरते असे नाही. तरीही त्या रक्तपातानंतर चार वर्षे होण्याच्या आत, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, मारलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे नातलग एकाच केंद्रावर मत द्यायला आले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, पण "चित्र बघून चिठ्ठी टाकली" हे ती शेवटपर्यंत अभिमानाने सांगत असे.

ती निवडणूक निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. देशभरात सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता "अमक्याची बायको" किंवा "तमक्याची आई" एवढीच नोंद केली होती. हा प्रकार प्रामुख्याने उत्तरेकडील राज्यांत घडला. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालवून घेतल्या नाहीत. बाईचे मत म्हणजे तिच्या स्वतःच्या नावाचे मत, हा त्यांचा आग्रह त्या वेळी कठोर वाटला असेल, पण मला तो योग्य वाटतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. माझी आई घर न बदलता हैदराबाद राज्यातून 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आली. मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारे एक अख्खे राज्य तीन दिशांना वाटले गेले, आणि त्यासाठी सैन्य लढले नाही. मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट सामील झाला. पुढे मागासलेपणाची तक्रार सुरू झाली, तेव्हा ती मांडायला घटनेतच 371(2) हे कलम होते. त्याखाली 1994 साली मागास भागांसाठी विकास मंडळे आली आणि 2020 साली त्यांची मुदत संपली, ती मागणी करूनही वाढवून घेता आली नाही. हे अपयशच म्हणावे लागेल.

खंडपीठातील एक वकील

काकांनी सांगितलेला इतिहास मोलाचा आहे. त्याला मी जायकवाडी धरणाचे उदाहरण जोडतो, कारण माझ्या मते उत्तराचा गाभा तिथे आहे. पैठणच्या नाथसागरात, म्हणजे या धरणाच्या जलाशयात, पाणी यायचे ते नाशिक आणि नगर जिल्ह्यांतून. वर धरणे वाढत गेली तसतसे खाली येणारे पाणी कमी झाले, आणि दुष्काळी वर्षी वरच्या शेतकऱ्याचा ऊस व खालच्या गावाचे पिण्याचे पाणी एकमेकांसमोर उभे राहिले. असे प्रश्न जगात अनेकदा कुऱ्हाडीने सुटलेले आहेत.

आपल्याकडे काय झाले ते पाहा. 2005 साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि त्यात समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व घातले. ते बरीच वर्षे कागदावरच राहिले. मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी आणि संघटनांनी अर्ज, याचिका आणि आंदोलने केली, त्यानंतर मेंढेगिरी समितीने 2013 साली सूत्र दिले, आणि सप्टेंबर 2014 मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे त्याचे सार आहे. नाशिक-नगरचे लोक न्यायालयात गेले, 2016 साली उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. 2023 साली पाऊस कमी झाला, तेव्हा सुमारे 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यालाही विरोध झाला, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही, आणि पाणी सुटले. वाटेत किती मुरले आणि किती उपसले गेले, हा वाद आजही आहे. पुढे सूत्राचा फेरविचार करणाऱ्या अभ्यासगटाने ती 65 टक्क्यांची मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली, आणि या वेळी हरकती घेण्याची पाळी आपल्यावर, मराठवाड्यावर आली.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी असे सांगेन की, हरलेल्याला पुढची तारीख मिळते म्हणून ही व्यवस्था चालते. कोणाचाच पराभव कायमचा नसतो, त्यामुळे त्याला कुऱ्हाडीपेक्षा अर्ज बरा वाटतो. विलंब होतो, तो फार होतो, आणि त्या विलंबात माणसे भरडली जातात हे मी रोज पाहतो.

केज तालुक्यातील एक शिक्षिका

वकीलसाहेब, आपले म्हणणे मला पटते, पण अर्धेच. पुढची तारीख मिळते ती त्या तारखेला गावात हजर असणाऱ्याला. माझे आई-वडील ऊसतोड कामगार होते. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली की दिवाळीच्या आसपास टोळी निघायची आणि पाडव्यानंतरच गाव दिसायचे. 26 जानेवारीची ग्रामसभा त्यांनी कित्येक वर्षे पाहिली नाही. 2024 ची विधानसभेची निवडणूक 20 नोव्हेंबरला होती, म्हणजे नेमकी हंगामाच्या तोंडावर. फडातून मतदानाला यायचे तर गाडी कोणी करायची आणि बुडालेली मजुरी कोणी द्यायची, हा पहिला प्रश्न असतो, आणि जो गाडी करतो त्याची अपेक्षाही गाडीत बसून येते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. आमच्या घरी तो शब्दशः खरा होता.

तरीही मी ही चर्चा सोडून जाणार नाही, कारण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. महाराष्ट्राने 2011 साली स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत माझी आई ग्रामपंचायत सदस्य झाली. पहिले वर्षभर सही करण्याचे कागद घरी येत. दुसऱ्या वर्षी तिने सभेला जाण्याचा हट्ट धरला आणि शाळेत हंगामी वसतिगृह सुरू व्हावे, म्हणजे टोळीबरोबर जाणारी मुले गावातच राहून शिकतील, हा एकच विषय लावून धरला. ते सुरू झाले. पण सभांसाठी आई गावात राहिली, म्हणून त्या हंगामात वडिलांना अर्धा कोयता (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) म्हणून एकट्याने जावे लागले आणि उचल फिटली नाही. ते कर्ज आम्ही पुढे दोन वर्षे फेडत होतो. लोकशाही चालते ती अशा लोकांच्या पदरमोडीवरही चालते, हे आपल्या विद्यार्थ्याला जरूर सांगा.

अंबाजोगाईकर

ताई, आपला प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवला. तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले की, त्यांच्या ग्रामपंचायतीत त्याने चौकशी केली, तेव्हा गेल्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेच्या हजेरीत त्याच्या वडिलांचा अंगठा असल्याचे त्याला दिसले, आणि त्या दिवशी वडील कारखान्यावर होते. आता 1 मेच्या ग्रामसभेत तो हा विषय मांडणार आहे. त्याच्यासोबत येणारा वर्गमित्र दुसऱ्या समाजाचा आहे, कारण त्याच्याही वडिलांचा अंगठा त्याच पानावर आहे. वकीलसाहेब, त्या पानाची प्रत कशी मिळवावी?

खंडपीठातील एक वकील

ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, सभेची तारीख स्पष्ट लिहून हजेरीच्या पानाची आणि इतिवृत्ताची साक्षांकित प्रत मागावी. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे, म्हणून अर्ज याच आठवड्यात द्यावा आणि पोच घ्यायला विसरू नये. दोघांनी स्वतंत्र अर्ज करावेत.