आठवड्यातील रात्रीचे जेवण : खर्च आवरून नियोजन कसे करावे?

प्रश्न (सिडको, नाशिक)

आमच्या घरात पाच माणसे आहेत : आम्ही दोघे, सासूबाई आणि दोन शाळकरी मुले. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात आणि मी शरणपूर रस्त्यावरील कार्यालयातून घरी पोहोचेपर्यंत सव्वासात वाजतात. महिन्याचा किराणा, भाजी व दूध मिळून १२,००० रुपयांत भागवावे असे आम्ही ठरवले आहे आणि कागदावर ते जमतेही. पण गेल्या महिन्यात बाहेरून मागवलेल्या जेवणाचा हिशेब वेगळा लिहिला, तेव्हा तो ३,२०० रुपये निघाला.

दर रविवारी मी सोमवार ते शुक्रवारचा तक्ता करून फ्रिजच्या दारावर लावते आणि त्याप्रमाणे आठवड्याची भाजी एकदम आणते. सोमवार-मंगळवार सुरळीत जातात. बुधवारी मेथी पिवळी पडलेली असते, गुरुवारी वांगी चिरायला घ्यावीत तर अंगात त्राण नसते आणि शुक्रवारी कोणीतरी मोबाइल हातात घेते. सासूबाईंना रात्री भाकरी लागते, परंतु दातांमुळे कडक काही चालत नाही. मुले उसळीला नाक मुरडतात. अंडी चालतात, मांसाहार फक्त रविवारी. पाऊण तासात सगळ्यांची पाने मांडली जावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे. माझ्या तक्त्यात नेमके कुठे चुकते?

प्रतिसाद १ (पंचवटी)

ताई, तुमच्या तक्त्यात भाज्यांची नावे लिहिलेली असणार, आणि माझ्या मते चूक तिथेच आहे. नाशिकमध्ये राहून रविवारीच ‘गुरुवारी मेथी’ असे लिहून ठेवणे म्हणजे बाजाराने आपल्या तक्त्याप्रमाणे वागावे अशी अपेक्षा करणे होय. आपल्याकडे मेथी आणि कोथिंबीर यांच्या जुडीचा भाव एका आठवड्यात जमिनीवर असतो आणि पाऊस जरा लांबला की पुढच्याच आठवड्यात हात लावू देत नाही, टोमॅटोचेही तेच. म्हणून तक्त्यात भाजी लिहू नका, जेवणाचा पाया लिहा. सोमवारी वरण, मंगळवारी कालच्याच डाळीचे काही, बुधवारी पालेभाजी, गुरुवारी कडधान्य, शुक्रवारी पीठ. पालेभाजी कोणती, हे बाजारात जुडी हातात घेतल्यावर ठरेल.

आमच्या घरी हे असे चालते. सोमवारी दोन वाट्या तूर डाळ एकदम शिजवते. निम्म्या डाळीचे वरण होते आणि उरलेली डाळ मीठ-मसाला न घालता फ्रिजमध्ये जाते. मंगळवारी तिलाच फोडणी देऊन आमटी उकळायला ठेवायची आणि कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे तीत सोडायचे, की चकोल्या तयार. पोळ्या नाहीत, भात नाही, एका पातेल्यात पाच जणांचे जेवण होते आणि तुमच्या सासूबाईंनाही ते मऊ लागेल. एक सावधगिरी मात्र बाळगा : चिंच किंवा टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला, कारण आंबट पदार्थ आधी पडला तर डाळ लवकर मऊ होत नाही आणि गॅस उगाच जळतो.

बुधवार पालेभाजीसाठी ठेवण्याचे कारण गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार. शक्य असेल तर यजमानांची सकाळ मोकळी असलेल्या आठवड्यात त्यांना तिकडे पाठवा. त्याच दिवशी पालेभाजी संपवायची आणि गवार, दोडका, भोपळा पुढच्या दिवसांसाठी ठेवायचे. अर्थात गोदावरीला पाणी आले की घाटावरची दुकाने हलवावी लागतात, त्यामुळे पावसाळ्यातील बुधवारांवर फार भिस्त ठेवू नये. त्या दिवसांसाठी मी उन्हाळ्यातच मूगवड्या आणि सांडगे करून ठेवते. पाव किलो भाजीला नको तेवढे पैसे मोजण्यापेक्षा वाटीभर सांडगे तेलात परतून, कांदा आणि दाण्याचा कूट घालून केलेली रस्साभाजी केव्हाही बरी.

मुलांच्या उसळीबद्दल सांगते. वाटीभर कोरडी मटकी भिजून मोड आल्यावर सुमारे अडीच वाट्या होते, त्यामुळे तिच्याइतके पुरवठ्याचे दुसरे काही नाही आणि ती सोडून चालणार नाही. माझ्या मुलानेही ती वर्षभर नाकारली होती. मग मी तिलाच पातळ, तिखट रस्सा करून वर शेव-कांदा घालून दिली, तेव्हा ती ‘मिसळ’ झाली आणि ताटात काही उरेनासे झाले. नाशिकच्या मुलांना याहून अधिक समजावण्याची गरज पडू नये. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी शहरातही शिरते आणि मोड यायला दोन-दोन दिवस लागतात. त्या काळात मटकीचे फडके मंगळवारी रात्रीच बांधून, नुकताच उतरवलेला कुकर ठेवतो त्या उबदार कोपऱ्यात ठेवावे.

प्रतिसाद २ (नाशिकरोड)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. भर एवढीच घालतो की बचत रोजच्या भाजीपेक्षा वर्षाच्या खरेदीत अधिक होते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांदा निघतो तेव्हा आम्ही २५ किलोची गोणी घेतो आणि बाल्कनीत सावलीला, वारा लागेल असा पसरून ठेवतो. तो गणपतीपर्यंत सहज टिकतो. थोडा सडतो, तेवढा दर आठवड्याला निवडून काढावा. बटाटे मात्र त्याच्या शेजारी ठेवू नयेत. दिवाळीच्या सुमारास येणारा लाल कांदा ओलसर असतो, तो असा साठवायला गेल्यास नुकसानच होते. एका वर्षी स्वस्त मिळाला म्हणून मी तो गोणीभर आणला होता आणि पंधरा दिवसांत शेजाऱ्यांना वाटत फिरलो होतो.

बाजरीचे पीठही एकदम दळून आणू नका. आठ-दहा दिवसांत ते कडवट होऊ लागते. धान्य घरात असावे आणि दळण थोडे थोडे काढावे.

प्रतिसाद ३ (गंगापूर रस्ता)

मी स्वतः आठवड्यातील चार रात्री स्वयंपाक करतो, त्या अनुभवावरून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. वरील सल्ले चांगले आहेत, पण ताईंचे ३,२०० रुपये भाजीमुळे गेलेले नाहीत, थकव्यामुळे गेले आहेत. सव्वासातला घरी आलेल्या माणसाला कांदा-खोबरे भाजून वाटण करायला लावणारा कोणताही तक्ता गुरुवारी कोसळणारच. त्यामुळे मी पदार्थांपेक्षा आधी तयारीचा विचार करतो. रविवारी अर्धा किलो कांदा आणि सुके खोबरे भाजून, आले-लसणासह वाटून त्याचे चार भाग करतो. दोन फ्रिजमध्ये आणि दोन बर्फाच्या कप्प्यात. या वाटणात काळा मसाला घातला की उसळ, अंड्यांचा रस्सा, वांगी किंवा पाटवडीची आमटी, काहीही वीस मिनिटांत होते.

दुसरे म्हणजे, शुक्रवारी शिस्तीची अपेक्षाच ठेवू नका. त्या रात्रीसाठी घरात असे काही असावे, ज्याला चिरणे-निवडणे लागत नाही. आमच्याकडे ते पिठले आहे. डाळीच्या पिठाचा डबा कधीही रिकामा होऊ द्यायचा नाही, हा आमच्या घरातील एकमेव कडक नियम आहे. भाकरी थापण्याचा कंटाळा असेल तर गरम भातावर पिठले घ्यावे. भाजणीचा डबा भरलेला असेल तर थालीपीठ आणि दही. जेवण मागवले तरी ते यायला पाऊण तास लागतोच, तेवढ्यात पिठले-भात करून, जेवून, भांडी विसळूनही होतात.

आणि एक सांगावेसे वाटते. तक्ता तुम्ही करता, बाजार तुम्ही आणता आणि रांधताही तुम्हीच, असे प्रश्नावरून दिसते. यजमानांची पहिली पाळी असते त्या आठवड्यात ते दुपारीच घरी येत असतील, तर डाळ भिजवणे आणि कुकर लावणे त्यांच्याकडे द्यायला हरकत नसावी.

प्रश्नकर्ती (सिडको)

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा परिच्छेद यजमानांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण आज मी घरी आले तेव्हा कुकरच्या शिट्ट्या झालेल्या होत्या. जुना तक्ता काढून टाकला आहे आणि नव्यात फक्त पाया लिहिला आहे. शुक्रवारच्या चौकटीत ‘पीठ’ एवढेच आहे. सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या माहेरी सिन्नरकडे थंडीत रात्री हुलग्याचे शेंगोळे करत आणि ते दात नसलेल्यालाही खाता येतात. त्यांना प्रमाण आठवत नाही. कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १ (पंचवटी)

पाच जणांसाठी दोन वाट्या हुलग्याचे पीठ आणि अर्धी वाटी गव्हाचे पीठ घ्या. नुसत्या हुलग्याचे शेंगोळे उकळताना तुटतात. लसूण, जिरे, हिरवी मिरची वाटून त्यातच घाला, हळद-मीठ घालून घट्ट मळा आणि तेलाचा हात लावून करंगळीपेक्षा बारीक वळ्या वळून त्यांची कडी करा. मोठ्या पातेल्यात लसणाची फोडणी देऊन सहा-सात वाट्या पाणी खळखळ उकळले की एक-एक कडी सोडायची. पहिली पाच मिनिटे डाव अजिबात घालू नका. पंधरा-वीस मिनिटांत शिजतात, रस्सा आपोआप दाट होतो. वळ्या वळण्याचे काम मुलांना द्या. स्वतः वळलेले ती खातात, असा माझा अनुभव आहे.