प्रिन्सच्या मध्यरात्रीच्या मैफली: प्रेक्षकांनी चोरून केलेली रेकॉर्डिंग जमवावीत का?

कानसेन (धागाकर्ता)

ऑगस्ट-सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकन गायक-गिटारवादक प्रिन्सने लंडनच्या ओटू अरीनात २१ रात्री कार्यक्रम केले. तिकीट ३१ पौंड २१ पेन्स, '३१२१' या त्याच्याच अल्बमच्या नावावरून. मी तेव्हा कामानिमित्त तिथे होतो. मोठा कार्यक्रम संपला की त्याच छपराखाली, इंडिगोटू नावाच्या लहान सभागृहात मध्यरात्रीनंतर दुसरी मैफल व्हायची. प्रिन्स स्वतः येईलच याची हमी नसायची, आलाच तर किती वेळ वाजवेल तेही कुणी सांगायचं नाही. एका रात्री मी आत होतो. शेवटची ट्यूब (लंडनची मेट्रो) कधीच निघून गेली होती, सकाळी ऑफिस होतं, आणि मला त्या दोन्हींची शुद्ध नव्हती.

मोठ्या मंचावर तो लोकांना हवी ती गाणी द्यायचा. रात्री दोनला मात्र फंकची, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या अमेरिकन नृत्यसंगीताची, एकच चाल पंधरा मिनिटं चालायची. बास आणि ड्रम तेवढेच ठेवून बाकीच्यांना हाताच्या इशाऱ्याने गप्प करायचा, मध्येच जुन्या फंकवाल्यांपैकी जेम्स ब्राउन, मध्येच स्लाय स्टोनचं काही, आणि मग गिटार. हा माणूस काय दर्जाचा वादक होता ते अल्बममधून निम्मंच कळतं.

तेव्हापासून मी अशा रात्री जमवतोय. आज ६४ आहेत. बहुतेक कुणीतरी कॉलरला बारीक माइक लावून, खिशात डॅट (डिजिटल टेप) किंवा मिनीडिस्कचं यंत्र ठेवून केलेल्या. आपल्याच माइकवर आवाज येऊ नये म्हणून त्या माणसाने दोन तास टाळीसुद्धा वाजवलेली नसते. माझे नियम तीन. पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. अधिकृत निघालेलं पुढे द्यायचं नाही. आणि प्रत्येक फाइलबरोबर ती कोणत्या यंत्रावर झाली, किती हातांतून आली, ते लिहून ठेवायचं.

माझं म्हणणं असं की हे जमवणं योग्य आहे, नव्हे गरजेचं आहे. अधिकृतपणे काय मिळालं? २००२ च्या 'वन नाइट अलोन' संचातली एक आफ्टरशोची, म्हणजे मोठ्या कार्यक्रमानंतरच्या मैफलीची, तबकडी, २००८ मध्ये लंडनच्या पुस्तकासोबत 'इंडिगो नाइट्स', आणि तुरळक आणखी काही. नेदरलँड्समधल्या हेगच्या पार्ड फान त्रोये क्लबमध्ये १९ ऑगस्ट १९८८ च्या पहाटे तो 'जस्ट माय इमॅजिनेशन'वर जे गिटार वाजवतो, ते चाहत्यांनी जपलं नसतं तर मी तरी कुठून ऐकलं असतं?

मालवणी तबलजी

कानसेन, तुमचं प्रेम दिसतंय, तरी मी पूर्ण विरोधात आहे.

ज्याचं वाजवणं आहे त्याने नको म्हटलं होतं, आणि एकदा नाही. २००७ मध्ये, तुम्ही लंडनला होतात त्याच वर्षी, चाहत्यांच्या संकेतस्थळांना त्याच्या वकिलांच्या नोटिसा गेल्या. जानेवारी २०१४ मध्ये बुटलेगचे, म्हणजे चोरट्या रेकॉर्डिंगचे, दुवे देणाऱ्या २२ जणांवर त्याने प्रत्येकी दहा लाख डॉलरचा दावा लावला. थोड्याच दिवसांत मागे घेतला हे खरं, पण मन काय होतं ते उघड आहे. नव्वदच्या दशकात गालावर 'गुलाम' लिहून फिरलेला माणूस हा. त्याची सगळी लढाई स्वतःच्या संगीताचा मालक कोण, याचीच होती. त्याचे चाहते म्हणवून घ्यायचं आणि नेमकं तेवढंच ऐकायचं नाही, हे मला पटत नाही.

दुसरं, मी स्वतः साथीला बसतो म्हणून सांगतो. उशिराच्या बैठकीत हात मोकळा सुटतो, कारण समोर ओळखीचे पन्नास कान असतात आणि चुकलं तरी ते तिथेच विरतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मी एक नवी तिहाई करून बघितली आणि समेवर साफ चुकलो. गायकाने हसून सावरून घेतलं. आठवड्याभरात ती चूक कुणाच्या तरी फोनमधून माझ्या गुरूंपर्यंत पोचली. त्यानंतर वर्षभर मी एकाही बैठकीत न बसवलेलं काही वाजवलं नाही. ज्या मोकळेपणासाठी तुम्ही या रात्री जमवता, तो तुमच्या माइकमुळेच आटतो.

स्पूलवाला

तबलजी, तुमची तिहाई पसरवली ते वाईटच झालं. पण या चर्चेत आपल्या घरचंही बघा.

केसरबाई केरकरांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेली 'जात कहाँ हो' ही भैरवीही तेवढीच. त्या पिढीचा तासभराचा राग, आलापीची चढण, दमसास, हे आज आपल्या कानांवर पडतं त्यातलं पुष्कळसं कुणीतरी दिवाणखान्यात स्पूल (टेपरेकॉर्डर) लावला म्हणून. दर वेळी परवानगी घेतली होती का? मला नाही वाटत. माझ्या मामांकडे अशा पेटीभर टेपा होत्या. त्यांच्यानंतर मी त्या उतरवून घेतल्या, तेव्हा निम्म्यांना बुरशी लागली होती.

कानसेन, एक सूचना. नुसतं जमवू नका, वेग तपासा. बॅटरी उतरत गेली की रेकॉर्ड होताना टेप मंद फिरते, आणि नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढत जातो. पेटीच्या पांढरी चारमध्ये सुरू झालेला गवई शेवटी अर्धा सूर वर, काळी तीनमध्ये पोचलेला मी ऐकलाय. त्या गवयावर हा अन्यायच आहे. जपायचं तर खरं जपा.

वकिलीण

भावना बाजूला ठेवून. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ प्रमाणे कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो. कलम ३९ मध्ये सूट आहे: रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग हक्कभंग ठरत नाही. 'करणाऱ्याच्या' हा शब्द नीट वाचा. स्पूलवाल्यांच्या मामांनी स्वतः स्पूल लावून स्वतः ऐकला, तर ते सुटीत बसू शकतं. कानसेन, तुमच्या ६४ पैकी तुम्ही स्वतः किती केल्या? अमेरिकेतही १९९४ पासून कलाकाराच्या संमतीशिवाय मैफल मुद्रित करण्याविरुद्ध स्वतंत्र तरतूद आहे. पैसे घेत नाही म्हणून कायद्यातून सुटलो, असं होत नाही.

पहाटेची बस

एक दुरुस्ती. हेगची ती रात्र प्रेक्षकांतून केलेली नाही. 'स्मॉल क्लब' नावाने फिरते ती साऊंडबोर्डवरून, म्हणजे मंचाच्या ध्वनियंत्रणेतून थेट आलेली आहे, म्हणून तर त्याच्या ड्रमवादक शीला ईचा ड्रम इतका स्वच्छ. म्हणजे ती आतून बाहेर गळाली आणि बुटलेगवाल्यांनी तिच्या सीड्या काढून वर्षानुवर्षं विकल्या. कॉलरला माइक लावून घाम गाळणारा चाहता वेगळा आणि हे वेगळं. कानसेन, उदाहरण चुकलं.

माझं मत मधलं. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडने १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच ठेवली, आणि त्यांच्या मैफली आजही लोक आनंदाने वाटतात. दार उघडं ठेवलं होतं तिथे जरूर जा. प्रिन्सने दार लावलं होतं.

कानसेन

पहाटेची बस, मान्य, चूक माझीच. मी ती रात्र इतक्या वेळा ऐकली आहे की ती कशी आली हे विचारायचंच सोडून दिलं होतं. यादीत ती वेगळी काढतो.

वकिलीणबाई, स्वतः केलेली एकही नाही. कायद्यात माझी बाजू लंगडी आहे हे कबूल.

पण तबलजी, लावलेल्या दाराबद्दल बोलू. 'ब्लॅक अल्बम' हा स्वतःचा अल्बम प्रिन्सने डिसेंबर १९८७ मध्ये बाजारात येता येता मागे घेतला. सात वर्षं तो फक्त चोरट्या प्रतींतून जगला, आणि १९९४ मध्ये अधिकृत निघाला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात त्याने रेडिओहेड बँडचं 'क्रीप' गायलं, प्रेक्षकांचे व्हिडिओ त्याच्याच बाजूने काढायला लावले गेले, आणि २०१५ मध्ये तेच पुन्हा दिसू लागलं तेव्हा त्याने राहू दिलं. त्याचं 'नाही' दर वेळी कायमचं नव्हतं. २१ एप्रिल २०१६ ला तो गेला, मृत्युपत्र न करता. पेझ्ली पार्क या त्याच्या घर-स्टुडिओतला रेकॉर्डिंगचा खजिना पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या गोदामात हलवला गेला. आता काय बाहेर यावं ते वारस आणि कंपन्या ठरवतात. २०१९ मध्ये त्यांनीच डेट्रॉइटची ३० नोव्हेंबर १९८२ ची रात्रीची उशिराची मैफल काढली. ती त्याला विचारून काढली का?

मालवणी तबलजी

नाही, आणि त्याबद्दलही मला वाईटच वाटतं. पण 'क्रीप'च्या वेळी मत बदलणारा तो स्वतः होता. त्याने एका दाराची कडी काढली म्हणून बाकीची दारं आपण ढकलायची नसतात. वारसांनी विचारलं नाही म्हणून मीही विचारणार नाही, हाही काही युक्तिवाद नव्हे.

स्पूलवाले, तुमच्या मामांच्या टेपांवर मीही शिकलो असेन, गुरूंकडे अशाच कुणाच्या तरी प्रती होत्या. त्याबद्दल मी ऋणी आहे. तरी आज माझ्यासमोर कुणी न विचारता माइक लावला, तर मी तबला कापडात गुंडाळीन.

कानसेन, तुम्ही स्वतः बसलात त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आहे का तुमच्याकडे?

कानसेन

आहे. २०१५ मध्ये मिळालं. माझ्यापासून फार लांब नसावा तो माणूस, एका बाईचं हसणं मला तेव्हाही ऐकू आलं होतं, ते त्यात आहे.

आठ वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो की प्रिन्स शेवटी एकटा मंचावर राहिला आणि दिवे गेल्यावरही वाजवत होता. रेकॉर्डिंगमध्ये तसं नाही. शेवटी पूर्ण बँड आहे, मग प्रिन्स आभार मानतो आणि लोक बाहेर पडतात. एकट्याची गिटार मधेच कुठेतरी येते, दोन मिनिटं.

मालवणी तबलजी

म्हणजे जी रात्र तुम्ही आठ वर्षं मनात बाळगली, ती या टेपने नेली.

कानसेन

नेली. पण ती दोन मिनिटं मी दिवे गेल्यानंतरची समजत होतो, ती दिवे असतानाची निघाली. बासवाला थांबलेला आहे, ड्रमवाला नुसती हाय-हॅट (पायाने वाजणारी झांजांची जोडी) धरून आहे, आणि प्रिन्स एका सुरावर इतका वेळ थांबतो की सभागृहातलं कुणीतरी न राहवून ओरडतं. तो आवाज माझा आहे, तबलजी. मी ओरडलो होतो हे मला आठवतच नव्हतं.